बंडखोरलीक

काका, आधी एक कबुली देते. तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले आणि काल मी पहिल्यांदा पोटभर जेवले, नीट झोपले आणि सकाळी उठून चक्क गुणगुणत चहा केला. निखिलने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "गौरी, ओके आहेस ना तू?" मी म्हटलं, "सुटले रे मी." दुःख करायच्या दिवसांत 'सुटले' म्हणणारी बायको नवऱ्याला चमत्कारिक वाटणारच. तुम्हाला मात्र कळेल, कारण मला सोडवलंत तुम्हीच.

बारा दिवस माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. तुम्ही पहिलं पान वाचलं होतंत की नाही? फ्यूनरल होममध्ये तुमचा रोहन बोलायला उभा राहिला. "माय डॅड वॉज अ पायोनियर," म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही असतात तर त्याला तिथेच थांबवलं असतंत. पायोनियर म्हणजे काय रे, आधी आलेला? आधी तर रांगेतही कुणीतरी येतोच, असं काहीतरी म्हणून. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी काकूंची पर्स हातात धरून मागे उभी होते आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेत होते, की हा माणूस माझ्यावर रागावून गेला असेल का. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच एवढंच सुचत होतं.

आपली ओळख झाली ती तुमच्या त्या पुस्तकामुळे. मंडळाच्या गणपतीत तुम्ही माइकवरून विचारलं होतंत, "इथे कुणाला मराठी टायपिंग येतं का? इंग्रजी अक्षरांतून मराठी नाही, खरं टायपिंग." सगळे हसले. नागपूरला इंजिनियरिंग करताना एका सुट्टीत मी छापखान्यात मराठी टाइप केलं होतं, म्हणून मी हात वर केला. तो एक हात मला पुढे तीन वर्षांचे शनिवार भोवला. देश सोडून इथे कॅरी गावात येऊन मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. ऑफिस, घर आणि ग्रोसरी सोडून मला कुठलाही रस्ता माहीत नव्हता आणि तुम्ही तर या राज्यात आयुष्यभर रस्तेच बांधले होते.

ओबाडाया रीव्ह तुम्हाला रस्त्यातच सापडला होता. तरुणपणी तुम्ही पश्चिमेकडच्या डोंगरात एका रस्त्याचं रुंदीकरण करत होतात. कडेला एक लोखंडी पाटी होती, ती वीस फूट मागे हलवायची होती. पाटीवर दोनच ओळी. इथून ओबाडाया रीव्ह आपल्या लोकांना घेऊन डोंगरापलीकडे गेला, त्या काळच्या गव्हर्नराने त्याला बंडखोर ठरवलं होतं. तुम्ही पाटी हलवलीत आणि आयुष्यभर त्याच्यामागे लागलात. जिल्ह्याजिल्ह्याच्या लायब्रऱ्या, कोर्टांची तळघरं, चर्चच्या वह्या. काकू म्हणायच्या, "आमचा हनीमून पण त्या ओबाच्या कोर्टात झालाय." पहिल्याच शनिवारी तुम्ही त्याचा उल्लेख ओबाजीराव असा केलात. मला आधी वाटलं, तुमच्या मिरजेचे कुणी नातेवाईक असतील.

"काका, मराठीत कशाला लिहिताय?" मी विचारलं होतं. "इंग्लिशमध्ये लिहा ना. इथले लोक वाचतील तरी."

"इथल्या लोकांना तो एक तर हीरो म्हणून माहीत आहे, नाही तर माहीतच नाही," तुम्ही म्हणालात. "आपल्या लोकांना मात्र तो लगेच ओळखू येईल. असली माणसं आपल्या इतिहासात पैशाला पासरी पडली आहेत."

तुम्ही इंजिनियरांच्या त्या हिरव्या, चौकटीच्या पॅडवर लिहायचात. अक्षर असं, की पुलाचा नकाशा वाटावा. आधी सगळी अक्षरं उघडीबोडकी लिहायची आणि ओळ संपली की पट्टी ठेवून एकदाच शिरोरेषा मारायची. असं मराठी लिहिणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तुम्ही पान सरकवायचात, मी लॅपटॉपवर टाइप करायची, काकू पोहे आणून ठेवायच्या आणि "लिंबू पिळून घे गं, त्याचं काही खरं नाही" म्हणून तुमच्या ओबाजीवर एक टपली मारून जायच्या.

आणि काय माणूस होता तो. हरणांची कातडी विकून पोट भरणारा, स्वतःची सही चुकवणारा, दोनदा बुडता बुडता वाचलेला. गव्हर्नराच्या माणसांनी कराच्या नावाखाली शेजाऱ्याची गाय ओढून नेली, तेव्हा हा चाळीस माणसं घेऊन गेला आणि गाय परत घेऊन आला. मग पकडायला शिपाई आले, तर डोंगर ओलांडून गेला आणि पलीकडे स्वतःचंच एक इवलंसं राज्य काढून बसला. तिथला कायदा एका पानावर मावायचा. पुढे त्याला धरून कोर्टात उभं केलं, तर दोस्तांनी खिडकीखाली घोडी आणून ठेवली आणि हा न्यायाधीशांना नमस्कार करून खिडकीतून गेला. मी ते प्रकरण टाइप करताना टेबलावर मूठ आपटली होती. ऑफिसात व्हिसाची तारीख, ग्रीन कार्डाची तारीख, मॅनेजरला विचारल्याशिवाय नागपूरचं तिकीट काढायची सोय नाही, अशा दिवसांत खिडकीतून जाणारा माणूस मला फार आवडला. मला तो हवा होता.

म्हणून तर आपलं भांडण जुंपलं. कारण तुम्ही त्याला पानोपानी 'पुंड' म्हणत होतात.

"काका, पाटीवर रेबेल लिहिलंय. रेबेल म्हणजे बंडखोर. सरळ तेच लिहा ना."

"बंडखोर आता टी-शर्टवर छापतात. तो शब्द फार गोड झालाय."

"आणि पुंड म्हटलं की लोकांना आधी गुंड ऐकू येतो, त्याचं काय? वाचणारा म्हणेल, कुणा गुंडाचं चरित्र आहे."

"होताच तो अर्धा गुंड. पलीकडच्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांची मक्याची शेतं जाळली, ते तूच टाइप केलंस ना मागच्या शनिवारी? का तेव्हा डोळे मिटले होतेस?"

डोळे मिटले नव्हते, पण भरभर टाइप केलं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आता करते. मी म्हटलं, "तुम्ही आयुष्य घातलंत याच्यापायी आणि याला शिव्या देताय." तुम्ही पट्टी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "गौरी, पुंड ही शिवी नाही. तो हुद्दा आहे. सरकार एखाद्याला कंटाळलं की तो मिळतो. मिरवायचा का लपवायचा, ते त्याचं त्याने ठरवायचं."

मला ते पटलं नाही. दर शनिवारी पोह्यांबरोबर आपण हा शब्द चघळला. काकू मध्ये पडायच्या, "अहो, तिला द्या ना तिचा शब्द. टायपिंग फुकट करतेय बिचारी." तुम्ही ढिम्म.

मग तुमचं ते दुखणं निघालं आणि ते कुठवर गेलंय हेही कळलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दिवाणखान्यात पलंग लागला, आठवड्यातून तीनदा नर्स येऊ लागली. तुम्ही मला म्हणालात, "एकदा सगळं सलग वाचायचंय. जाड कागदावर छापून आण. अक्षर मोठं ठेव." एवढंच मागितलंत.

आणि मी काय केलं? बुधवारी संध्याकाळी फाइल उघडली आणि मला वाटलं, आता शेवटचीच संधी आहे. एकदा माझ्या शब्दाने सलग वाचतील तर त्यांनाच कळेल, किती छान वाचलं जातं ते. खरं सांगायचं तर तुम्ही आता वाद घालण्याच्या अवस्थेत नव्हतात आणि मी त्याचा फायदा घेतला. फाइंड अँड रिप्लेस. 'पुंड' शोधा, 'बंडखोर' घाला. रिप्लेस ऑल. एका सेकंदात तीन वर्षांचं भांडण मी जिंकले. मग पुंडाव्याचा 'बंडखोरावा' आणि पुंडाईची 'बंडखोराई' झाली होती ती शोधून दुरुस्त केली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि गुरुवारी ते बाड तुमच्या पांघरुणावर ठेवून आले. तुम्ही वरून हात फिरवलात. "जड झालंय," म्हणालात. बरं वाटलेलं दिसलं.

शुक्रवारी ऑफिसात लंचला मी फाइल सहज उघडली. पहिलंच पान, अर्पणपत्रिका. तुमचे थोरले बंधू पुंडलीक यांना पुस्तक अर्पण केलेलं होतं. तिथे मोठ्या टायपात लिहिलं होतं:

'माझे थोरले बंधू बंडखोरलीक यांस.'

माझ्या हातातला चमचा डब्यात पडला. मधली सगळी प्रकरणं तपासली होती, पहिलं पान तेवढं बघितलं नव्हतं. अर्पणपत्रिकेत कोण पुंड असणार?

मी काकूंना फोन लावला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झोपलेत आत्ता. पुस्तक छातीवरच आहे." त्यापुढे मला काही विचारवेना. शनिवारी यायचं होतं, तर मी काकूंना सांगितलं की ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. रिलीज नव्हतं, काका. त्या वीकएन्डला मी घरी बसून कपाटं आवरली. पुढच्या मंगळवारी म्हटलं की सर्दी झालीय, तुम्हाला इन्फेक्शन नको. ती तर कुणालाही पटेल अशी थाप होती. नऊ दिवस मी तुमच्या घरापासून अकरा मिनिटांवर राहून आले नाही. दहाव्या दिवशी काकूंचा फोन आला आणि मग मी आले, पण तेव्हा तुम्ही गेला होतात.

तर आधी हे नऊ दिवस आणि मग ते बारा. एका मरणाऱ्या माणसाने विश्वासाने दिलेलं लिखाण मी त्याच्या नकळत बदललं, वर त्याच्या भावाच्या नावाची चेष्टा केली आणि शेवटी तोंड चुकवलं. कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण सांगायला गेलं की ऐकणारा आधी हसला असता. बंडखोरलीक म्हटल्यावर कोण हसणार नाही?

काल तुमच्या घरी मोजकी माणसं जेवायला होती. सगळे पांगल्यावर मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते. काकूंनी ते स्पायरलचं बाड आणून ओट्यावर ठेवलं.

"हे तुला द्यायला सांगितलं होतं. रोज वाट बघत होते. तू आली असतीस तर त्यांनीच दिलं असतं."

हे काकूंनी रागाने नाही सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मी विचारलं, "वाचलं का हो त्यांनी?"

"अगं, वाचलं काय, पहिल्याच पानाला एवढे हसले, एवढे हसले की खोकला लागला. नर्स धावत आली. 'इज ही ऑलराइट?' म्हणून मला विचारतेय आणि हे तिला मराठीत समजावतायत, बंडखोरलीक, बंडखोरलीक. तिला काय कळणार कपाळ. दोन महिन्यांत हसले नव्हते बघ असे."

मी तिथे ओट्याला धरून रडले. काकूंना वाटलं दुःखाने. त्यांनी मला जवळ घेतलं आणि मी काही खुलासा केला नाही.

बाड मी घरी नेईपर्यंत थांबले नाही. तुमच्या ड्राइव्हवेमध्येच गाडीत बसून उघडलं. पानोपानी पेन्सिल. अक्षर हललेलं होतं, पण शिरोरेषा तुम्ही मारल्या होत्या, पट्टीशिवाय आणि वाकड्या. प्रत्येक 'बंडखोर' तुम्ही तपासला होतात. गाय परत आणली तिथे शेजारी लिहिलंय, 'इथे तुझा शब्द चालेल.' मक्याच्या शेतांच्या प्रकरणात सगळे खोडून 'पुंड', आणि समासात, 'याला माफी नाही. तुलाही नाही, भरभर टाइप केलंस म्हणून.' तुम्हाला ते दिसलं होतं तर. कोर्टाच्या खिडकीपाशी लिहिलंय, 'इथे दोन्ही नकोत. इथे तो नुसता पळाला.' मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले. समोरच्या घरातल्या बाई कुत्रा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या.

तुम्ही मला वाटेल ते बोलला असतात तरी ते मला मान्य होतं. तुम्ही बोललात ते हे. मी चोरून केलेला बदल तुम्ही मुकाट खोडून टाकला नाहीत, एकेक शब्द घेऊन माझ्याशी भांडलात. शेवटच्या नऊ दिवसांत, पेन्सिल धरवत नसताना, तुम्ही आपले राहिलेले शनिवार एकट्याने पुरे केलेत. मी मात्र कपाटं आवरत होते. याचं वाईट मला कायम वाटणार आहे, पण आता ते नुसतं वाईट आहे, भीती नाही. भीती गेली. तुम्ही माझ्यावर रागावून गेला नाहीत. एवढं कळलं आणि मला भूक लागली.

अजून एक भांडण बाकी आहे, तेही सांगून टाकते. शेवटच्या प्रकरणात त्याला माफी मिळते, तो म्हातारपणी सरकारातच जाऊन बसतो आणि दुसऱ्यांवर कर लावतो. तिथे तुम्ही 'बंडखोर' खोडलंत आणि 'पुंड'ही लिहिलं नाहीत, 'गृहस्थ' लिहिलंत. हे मला मान्य नाही. फार कडक झालं. पण हा शब्द मी बदलणार नाही, तुमच्या हातचा आहे तसा छापणार. कुणी विचारलं तर माझं मत वेगळं होतं म्हणून सांगेन.

अर्पणपत्रिकेचं पान मी सगळ्यात शेवटी बघितलं, मुद्दामच. तिथे फक्त हसल्याची खूण असेल असं वाटलं होतं. त्या नावाखाली तुम्ही लिहिलंय:

'दादा बंडखोर कधीच नव्हता. तो घरी राहिला, म्हणून मला निघता आलं. हे मी त्याला कधी लिहिलं नाही. नाव दुरुस्त कर.'

तीन वर्षांत तुम्ही या भावाबद्दल 'दादा मिरजेला असतो' यापलीकडे मला काही सांगितलं नव्हतंत. मीही विचारलं नव्हतं. मला डोंगर ओलांडून जाणाऱ्यांच्याच गोष्टींत रस होता.

आज सकाळी नाव दुरुस्त करायला बसले, तर शंका आली. तुम्ही 'ली' दीर्घ लिहिता, पण लोक ऱ्हस्वही लिहितात. आता एकदा चूक केल्यावर पुन्हा करायची नव्हती. काकूंकडून नंबर घेतला, फोनकार्ड खरवडलं आणि मिरजेला लावला. तिकडे संध्याकाळ होती. फोन दादांनीच उचलला. तुमच्यासारखाच आवाज आहे हो, फक्त जास्त सावकाश. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, तुमच्या नावातली 'लि' कशी लिहायची.

"ऱ्हस्व. शाळेच्या दाखल्यावर ऱ्हस्व आहे. आमच्या भास्करला जन्मभर सांगितलं, त्याने कधी ऐकलं नाही." मग म्हणाले, "माझं नाव कशाला लागतंय तुला, बाळ?"

"काकांनी पुस्तक लिहिलंय, ते तुम्हाला अर्पण केलंय."

"मला? कशावर आहे पुस्तक?"

"इथल्या एका पुंडावर," मी म्हटलं.

ते हसले. मग मी त्यांना तुमची ती पेन्सिलची ओळ वाचून दाखवली.

"जरा परत वाच," दादा म्हणाले. "लाइन नीट नाही आज. ऐकू येत नाही."

मी परत वाचली. त्यांनी अजून एकदा वाचायला सांगितलं, तशी तिसऱ्यांदाही वाचली. लाइन चांगली होती, काका. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी मला इथे स्पष्ट ऐकू येत होती.